मेथोट्रेक्सेट आणि आईचा कोरडा खोकला

वाचकाचे पत्र

माझी आई ६४ वर्षांची असून तिला सात वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे. सुरुवातीची वर्षे वेदनाशामक गोळ्या आणि रोजची प्रेडनिसोलोनची एक लहान गोळी यांवरच गेली. पाच महिन्यांपूर्वी संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले. दर रविवारी १५ मिलिग्रॅम आणि जोडीला फॉलिक ॲसिड. औषधाचा गुण असा आला की तिच्या बोटांची सूज उतरली आणि ती पुन्हा स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. मात्र गेल्या तीन आठवड्यांपासून तिला कोरड्या खोकल्याची ढास लागते, संध्याकाळी अंगात कणकण असते आणि आता एक जिना चढतानाही मध्ये थांबावे लागते. फॅमिली डॉक्टरांनी आधी खोकल्याचे औषध दिले, मग प्रतिजैविकांचा कोर्स दिला. छातीच्या एक्स-रेमध्ये विशेष काही दिसले नाही. भावाने औषधाच्या माहितीपत्रकात फुफ्फुसाच्या जीवघेण्या विकाराविषयी वाचले आणि तेव्हापासून ‘सगळी औषधे आजच बंद करा’ असा त्याचा धोशा चालू आहे. आई म्हणते, इतक्या वर्षांनी हात चालू लागले आहेत, मी ही गोळी सोडणार नाही. इतक्या लोकांना चालणारे औषध तिलाच कसे बाधले? रविवार जवळ आला आहे, आम्ही काय करावे? शिवाय वडिलांच्या एका मित्रांचे किडनी प्रत्यारोपण झाले आहे आणि तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात. त्यांनाही हा धोका आहे का?
— काळजीत पडलेली मुलगी

उत्तर

तुमचे पत्र हाती येताच त्यातील निकडीचा भाग मी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवला आहे, कारण अशा लक्षणांना सदराच्या पाळीची वाट पाहायला लावणे योग्य नव्हते. तोच भाग इथे पुन्हा लिहिते आणि मग बाकीच्या प्रश्नांकडे वळते. या रविवारची मेथोट्रेक्सेटची मात्रा देऊ नका आणि तपासणीसाठी रविवार उलटण्याची वाटही पाहू नका. संधिवाततज्ज्ञांना आजच फोन करून ‘मेथोट्रेक्सेट चालू असताना तीन आठवड्यांचा कोरडा खोकला, कणकण आणि नव्याने लागणारी धाप’ एवढे नेमके सांगा. त्यांची भेट एक-दोन दिवसांत मिळत नसेल, तर जिथे फुफ्फुसविकारतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात थेट जा. बसल्याजागी धाप लागत असेल, एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, किंवा पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली जात असेल, तर फोनाफोनीत वेळ न घालवता तातडीच्या विभागात पोहोचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुमच्या भावाची काळजी खरी आहे आणि माहितीपत्रकातील ज्या ओळीने तो घाबरला ती ओळही खरी आहे. परंतु ‘सगळी औषधे बंद’ हा त्याचा उपाय मात्र आईंना थेट धोक्यात टाकणारा आहे. त्या अनेक वर्षे रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत आहेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात, आणि अशा वेळी गोळी एकाएकी थांबली तर शरीराला स्वतःचे स्टेरॉइड लगेच तयार करता येत नाही. रक्तदाब घसरणे, उलट्या, कमालीचा थकवा, शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाऊ शकते, आणि अंगात ताप किंवा संसर्ग असताना हा धोका अधिकच वाढतो. म्हणून प्रेडनिसोलोन जसे चालू आहे तसेच चालू राहू द्या. मेथोट्रेक्सेटचे गणित वेगळे आहे. ते रक्तातून एखाद-दोन दिवसांत निघून जात असले तरी पेशींच्या आत त्याचा अंश काही आठवडे टिकतो, त्यामुळे एक-दोन मात्रा चुकल्याने सांधे लगेच पूर्वीसारखे आखडत नाहीत. लसीचा प्रतिसाद चांगला मिळावा म्हणून लस घेतल्यावर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट मुद्दाम थांबवण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत कोविडच्या लसीसंदर्भात नेमके हेच तपासले गेले आणि दोन आठवड्यांच्या विश्रांतीचा फायदा दिसला. काही रुग्णांचे सांधे या काळात थोडे उसळले, पण ते आवरता येण्याजोगे होते. आईंना हे जरूर सांगा : रविवारची गोळी थांबवल्याने त्यांचे हात सोमवारी आखडणार नाहीत.

आता मूळ प्रश्न. हा खोकला मेथोट्रेक्सेटमुळेच आहे का? पत्रावरून मला एवढेच म्हणता येईल की तो तसा असू शकतो आणि तसा समजूनच पुढची पावले टाकली पाहिजेत. पण तो तसाच आहे असे कोणी तपासणीआधी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. आईंच्या लक्षणांमागे तीन कारणे संभवतात, तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि काही बाबतींत ते एकमेकांच्या अगदी विरुद्धही आहेत.

पहिले कारण अर्थातच औषध. मेथोट्रेक्सेटमुळे फुफ्फुसाला जी इजा होते तिला डॉक्टर न्युमोनायटिस म्हणतात. त्यात जंतू नसतात. वायुकोशांच्या पातळ भिंतींमध्ये पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट, गर्दी करतात, भिंती सुजतात आणि श्वासातला ऑक्सिजन रक्तात उतरायला अडथळा होतो. म्हणूनच खोकला कोरडा असतो, बेडका पडत नाही, आणि खोकल्यापेक्षा धापच माणसाला अधिक हैराण करते. ही लक्षणे काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत वाढत जातात आणि सोबत बहुधा ताप असतो. बहुतेक रुग्णांत हे उपचाराच्या पहिल्या वर्षात घडते. आईंचे पाच महिने त्या काळात बसतात, तरी अनेक वर्षे बिनतक्रार औषध घेतलेल्यांतही तो क्वचित होतो. मात्रा कमी होती म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही, कारण ही प्रतिक्रिया मात्रेच्या प्रमाणात वाढत जाणारी नसून ॲलर्जीच्या जातीची मानली जाते. फॉलिक ॲसिडने तोंड येणे, मळमळ आणि यकृताचा त्रास कमी होतो. फुफ्फुसाचे रक्षण ते करते असा मात्र पुरावा नाही, त्यामुळे ‘फॉलिक ॲसिड तर नियमित घेतले होते’ या विचाराने मनाला बोल लावून घेऊ नका.

आईंनाच का बाधले, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आज वैद्यकाकडेही नाही, परंतु कोणाला धोका अधिक असतो हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. साठीपुढचे वय, फुफ्फुसांत आधीपासून असलेला संधिवाताचा किंवा अन्य आजार, मधुमेह आणि रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे कमी प्रमाण या गोष्टी अशा रुग्णांत अधिक आढळल्या आहेत. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असेल तर त्याचे इतर दुष्परिणामही तीव्र होतात. औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढून ठेवतात तो फुफ्फुसांतला आधीचा आजार कळावा यासाठीच. आईंचा तेव्हाचा एक्स-रे घरात असेल तर तो शोधून सोबत न्या, कारण आजच्या चित्राशी तुलना करायला त्याच्याइतके उपयोगी काही नाही.

दुसरे कारण संसर्ग, आणि माझ्या मते घरच्या चर्चेत याचा उल्लेखही न होणे ही सर्वांत चिंतेची गोष्ट आहे. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना साध्या न्युमोनियाबरोबरच क्षयरोग आणि न्युमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्युमोनिया यांचा विचार करावाच लागतो. न्युमोसिस्टिसचा कोरडा खोकला, ताप, वाढती धाप आणि सीटी स्कॅनवरचे चित्र हे सारे मेथोट्रेक्सेटच्या न्युमोनायटिसशी इतके मिळतेजुळते असते की निष्णात डॉक्टरांनाही केवळ चित्र पाहून दोन्हींतला फरक करता येत नाही. औषधाच्या इजेवर स्टेरॉइडची मोठी मात्रा देतात. तीच मात्रा अनोळखी क्षयरोगावर पडली तर तो फोफावतो. म्हणून कोणी ओळखीच्या माणसाने ‘स्टेरॉइड वाढवा, दोन दिवसांत बरे वाटेल’ असे सुचवले तर घरच्या घरी ते करू नका.

तिसरे कारण खुद्द संधिवात. रुमॅटॉइड हा आजार सांध्यांपुरता नाही. सुमारे दहा टक्के रुग्णांत तो फुफ्फुसांच्या अंतर्भागात जाणवण्याइतका पसरतो आणि हळूहळू तिथे व्रणासारखी जाड ऊती, म्हणजे फायब्रोसिस, निर्माण करतो. अशा रुग्णांत डॉक्टर पाठीच्या खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवतात तेव्हा खोल श्वासाच्या शेवटी वेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखा बारीक आवाज ऐकू येतो. याची धाप महिन्यांच्या हिशेबाने वाढते आणि ती अनेकदा लपून राहते, कारण ज्याचे गुडघे आणि घोटे दुखतात तो माणूस दम लागेल एवढे चालतच नाही. इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट जाणून घ्यायला आवडेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही ती हवी असेल : मेथोट्रेक्सेटने सांधे मोकळे झाल्यावर आई पूर्वीपेक्षा जास्त चालू-फिरू लागल्या आणि तेव्हा धाप प्रथम लक्षात आली, की त्या काही महिने जिना सहज चढत होत्या आणि या तीन आठवड्यांतच थांबू लागल्या? पहिल्या प्रकारात जुना आजार उघडा पडलेला असू शकतो. दुसऱ्या प्रकारात नवीन इजेची किंवा संसर्गाची शंका बळावते.

एक्स-रेमध्ये काही दिसले नाही याने दिलासा मानू नका. न्युमोनायटिसच्या सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष असू शकतो. फुफ्फुसांचे बारीक काप दाखवणारा एचआरसीटी स्कॅन इथे आवश्यक आहे. त्यात घासलेल्या काचेसारखे धुरकट पट्टे दिसले तर शंका पक्की होत जाते. त्याबरोबर रक्ताची संपूर्ण तपासणी होईल, त्यात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का तेही पाहिले जाईल, यकृत आणि मूत्रपिंडांच्या चाचण्या होतील, आणि बुरशीचा माग काढणारी बीटा-डी-ग्लुकॅन ही रक्तचाचणीही करता येते. वायूची देवाणघेवाण किती होते हे मोजणारी डीएलसीओ चाचणी, प्रकृती परवानगी देत असेल तर, पुढच्या काळाशी तुलनेसाठी फार मोलाची ठरते. काही वेळा दुर्बिणीने फुफ्फुसाचा एक भाग सलाईनने धुऊन ते पाणी तपासावे लागते. ‘दुर्बीण’ म्हटल्यावर घरचे घाबरतात हे मला ठाऊक आहे. तरीही डॉक्टरांनी ती सुचवली तर केवळ भीतीपोटी नकार देऊ नका, कारण क्षयरोग आणि न्युमोसिस्टिस आहे की नाही याचा निवाडा बहुतेकदा त्या धुतलेल्या पाण्यातच होतो. मेथोट्रेक्सेटची इजा सिद्ध करणारी एकच एक चाचणी नाही. संसर्ग आणि जुना आजार यांची शक्यता एकेक करून मागे पडली, लक्षणांची वेळ जुळली आणि औषध थांबवल्यावर सुधारणा दिसली की हे निदान होते. त्यामुळे डॉक्टर पहिल्या दिवशी ‘नक्की सांगता येत नाही’ असे म्हणाले तर त्याचा अर्थ ते टाळाटाळ करत आहेत असा घेऊ नका.

तपासणी होईपर्यंत घरी काय पाहावे हेही लिहिते, कारण चुकीच्या पद्धतीने घेतलेला आकडा उगाच घाबरवतो किंवा उगाच निश्चिंत करतो. संधिवात असलेल्यांची बोटे पुष्कळदा थंडगार असतात आणि थंड बोटावर पल्स ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवतो. म्हणून आईंना पाच मिनिटे शांत बसवा, हात कोमट पाण्यात धरून कोरडे करा, नखाला रंग असेल तर काढा, मधल्या बोटाला उपकरण लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत अर्धे मिनिट थांबा. तो आकडा लिहून ठेवा. मग, त्यांना बसल्या जागी धाप नसेल आणि आकडा ९४ हून वर असेल तरच, घरातल्या घरात त्यांच्या नेहमीच्या चालीने एक-दोन मिनिटे चालू द्या आणि चालून थांबताच पुन्हा पाहा. बसलेले असताना ९६ आणि चालल्यावर ९१ असा फरक दिसला तर तो बसलेल्या ९६ पेक्षा कितीतरी अधिक बोलका असतो. चारपेक्षा जास्त अंकांची घसरण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सावळ्या त्वचेवर काही उपकरणे खऱ्यापेक्षा किंचित जास्त आकडा दाखवतात, तेव्हा आकडा बरा आणि माणूस बेजार असे दिसले तर माणसावर विश्वास ठेवा. श्वासांची गती पूर्ण एक मिनिट मोजा, आणि आपण मोजतो आहोत हे आईंना कळू देऊ नका, कारण कळले की श्वास बदलतो. विश्रांतीत ती मिनिटाला २४ हून अधिक असेल तर वाट पाहू नका.

निदान मेथोट्रेक्सेटकडेच बोट दाखवू लागले तर उपचाराचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग तुम्ही आधीच केलेला असेल, म्हणजे औषध थांबवणे. त्रास अधिक असेल तर रुग्णालयात ऑक्सिजन आणि स्टेरॉइड देतात, आणि संसर्गाचे अहवाल येईपर्यंत संसर्गावरचे उपचारही बरोबरीने चालू ठेवतात. ही दुहेरी औषधे पाहून गोंधळू नका, ती मुद्दाम दिलेली असतात. वेळेत ओळखले गेलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात, काहींना ताप उतरल्याचा आणि धाप कमी झाल्याचा अनुभव थोड्याच दिवसांत येतो, तर काहींना पूर्ववत व्हायला बरेच आठवडे लागतात. जुन्या रुग्णमालिकांत मृत्यूचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे. हे लिहिण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. तीन आठवडे खोकल्याच्या बाटलीवर काढल्यावर चौथा आठवडा तसाच जाऊ नये, एवढाच आहे.

त्यानंतर एक गोष्ट कायमची पाळावी लागेल. ज्यांना मेथोट्रेक्सेटने फुफ्फुसाची इजा झाल्याचे ठरते, त्यांना ते औषध पुन्हा द्यायचे नसते, कमी मात्रेत नाही आणि गोळीऐवजी इंजेक्शनने तर नाहीच. पुन्हा सुरू केल्यावर तोच विकार उलटल्याच्या आणि त्यात रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. केवळ ब्रँडचे नाव लिहिलेत तर दुसऱ्या नावाने तेच औषध पुन्हा घरात येऊ शकते. मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठीही दिले जाते, त्यामुळे उद्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जायची वेळ आली तर तिथेही हे पान दाखवा.

आणखी एका औषधाबद्दल इथेच सांगते, कारण नेमक्या याच काळात ते घरात येण्याची शक्यता असते. कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक मूत्रमार्गाच्या संसर्गावर सहज लिहून दिले जाते आणि न्युमोसिस्टिसवरचा मुख्य उपचारही तेच आहे. मेथोट्रेक्सेट शरीरात असताना त्याची भर पडली तर अस्थिमज्जेचे काम ढासळून रक्तातील सर्व पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. न्युमोसिस्टिस आढळल्यास रुग्णालयात डॉक्टर तोलूनमापून आणि रक्तावर लक्ष ठेवून ते देतील, आणि ते देणे योग्यच असेल. पण बाहेर कोणी सहज लिहून दिले तर गोळी घेण्याआधी ‘आई मेथोट्रेक्सेटवर होती’ हे सांगितल्याखेरीज ती घेऊ नका. फॅमिली डॉक्टरांनी नुकताच जो प्रतिजैविकांचा कोर्स दिला त्याचे पाकीटही म्हणूनच सोबत न्या.

भावाच्या मनातला दुसरा समज, की या औषधाने फुफ्फुसे हळूहळू कायमची निकामी होतात, हा दूर करायला हवा. अशी भीती डॉक्टरांमध्येही अनेक वर्षे होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये मेथोट्रेक्सेटने होणारी फुफ्फुसाची इजा प्रथम वर्णिली गेली, १९८८ मध्ये अमेरिकेत हे औषध रुमॅटॉइड संधिवातासाठी मान्य झाले, आणि त्यानंतर संधिवाताच्या रुग्णाला फायब्रोसिस झाला की संशयाची सुई आपोआप औषधाकडे वळत असे. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांनी हे चित्र पालटले आहे. अचानक होणारा न्युमोनायटिस खरा आहे, पण तो शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत आढळतो. हळूहळू वाढणारा फायब्रोसिस मेथोट्रेक्सेटमुळे होतो असा पुरावा मिळाला नाही, उलट हे औषध घेणाऱ्यांत संधिवाताचा फुफ्फुसविकार उशिरा सुरू होत असल्याचे दिसले आहे. संधिवाततज्ज्ञांनी आईंना हे औषध दिले तो निर्णय योग्यच होता, आणि ते औषध आज थांबवावे लागते आहे म्हणून तेव्हाचा निर्णय चुकीचा ठरत नाही. इतकी वर्षे केवळ वेदनाशामके आणि प्रेडनिसोलोन यांवर काढल्यावर बोटांची झीज थांबवणारे पहिले खरे औषध त्यांना मिळाले होते.

आणि म्हणूनच आईंशी बोलताना घाई करू नका. ज्या बाईला इतक्या वर्षांनी स्वतःची वेणी घालता येऊ लागली आहे, तिला गोळी सोडण्याचे भय वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अशा भयाचा एक परिणाम मात्र घातक असतो : गोळी काढून घेतील या धास्तीने रुग्ण आपली धाप लपवू लागतात, जिन्याला मध्ये थांबायचे निमित्त शोधतात, खोकला पदराआड दाबतात. त्यांना गोळी ‘बंद’ करतो आहोत असे न सांगता तपासणी होईपर्यंत थांबवतो आहोत असे सांगा, आणि ते खरेही आहे. फुफ्फुसाचा त्रास दुसऱ्याच कारणाने ठरला तर मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करण्याचा विचार तज्ज्ञ करू शकतात. ते कायमचे सोडावे लागले तरी हात पुन्हा आखडू द्यायचे नाहीत, याला आज पर्याय आहेत. ज्यांच्या फुफ्फुसांची काळजी आहे अशा रुमॅटॉइड रुग्णांत ॲबॅटासेप्ट आणि रिटुक्सिमॅब या औषधांचा विचार अनेक तज्ज्ञ आधी करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन फुफ्फुसाच्या दृष्टीने सौम्य आहे, पण एकट्याने त्याची ताकद कमी पडू शकते. सल्फासॅलाझिनमुळेही क्वचित फुफ्फुसांत इओसिनोफिल साठून त्रास होतो. लेफ्लुनोमाइड मात्र सहजासहजी स्वीकारू नका. जपानमध्ये २००३ साली ते बाजारात आल्यावर थोड्याच काळात फुफ्फुसविकाराने झालेले मृत्यू समोर आले, आणि ज्यांना आधीच असा विकार आहे त्यांना धोका अधिक असल्याचे दिसले. शिवाय ते शरीरात महिनोन्महिने रेंगाळते, कधीकधी दोन वर्षांपर्यंत. त्रास झाला तर गोळी थांबवणे पुरत नाही, कोलेस्टिरामाइन नावाचे दुसरे औषध देऊन ते आतड्यांवाटे बाहेर काढावे लागते. टीएनएफ-विरोधी इंजेक्शने, म्हणजे सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी औषधे, सुचवली गेली तर त्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या.

राहता राहिले तुमच्या वडिलांचे मित्र. ‘प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे’ हे एकाच नावाखाली आलेले पण फार वेगवेगळे औषधवर्ग आहेत, त्यामुळे त्यांना धोका आहे का याचे उत्तर त्यांच्या गोळीच्या नावावर अवलंबून आहे. प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड दिले जाते. या औषधांनी फुफ्फुसाला थेट इजा होणे विरळ आहे. त्यांच्या पाकिटावर सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस हे नाव असेल तर मात्र त्यांनी जास्त सावध राहावे, कारण या दोन औषधांमुळे होणारा न्युमोनायटिस चांगला परिचित आहे. सिरोलिमसचा उगम मोठा विलक्षण आहे : १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील एका जिवाणूपासून ते १९७२ मध्ये वेगळे केले गेले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणासाठी मान्य झाले. हेच औषध एलएएम या दुर्मीळ फुफ्फुसविकारावर उपचार म्हणून २०१५ पासून मान्य आहे, म्हणजे एकाचे फुफ्फुस सावरणारे औषध दुसऱ्याच्या फुफ्फुसाला बाधू शकते. त्याचा न्युमोनायटिस बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो, कधी दुसऱ्या औषधावरून याच्यावर आणल्यानंतर दिसतो, आणि रक्तातील पातळी जास्त असताना अधिक आढळतो, पण पातळी योग्य असतानाही तो होऊ शकतो. समाधानाची बाब अशी की औषध थांबवून दुसरे दिल्यावर बहुतेकांची फुफ्फुसे काही आठवड्यांत ते महिन्यांत निवळतात.

मात्र आईंना दिलेला ‘रविवारची गोळी थांबवा’ हा सल्ला वडिलांनी त्यांच्या मित्रांपर्यंत मुळीच पोहोचवू नये. संधिवातात एक-दोन मात्रा चुकल्या तर सांधे थोडे कुरकुरतात. प्रत्यारोपित किडनीच्या बाबतीत औषध स्वतःहून थांबवले तर शरीर ती किडनी नाकारू शकते आणि एकदा गेलेली किडनी परत येत नाही. त्यांना नवीन कोरडा खोकला, ताप किंवा धाप जाणवली, तर चालू गोळ्या ठरल्या वेळी घेत त्यांनी त्याच दिवशी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या चमूला फोन करावा, गोळ्यांची मूळ नावे वाचून दाखवावीत, आणि कोणती थांबवायची, कोणती बदलायची हे त्यांच्यावर सोडावे.